हजेरीपटावरची चाळीस नावं

मल्लू,

तू गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या नरसय्यामामांचा माग पुन्हा सुरू झाला. आधी धोटा सरकल्याचा सुळसुळता आवाज, मग फणीचा ठोका. पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. तीन दिवस त्यांनी माग बंद ठेवला होता. आपल्या नात्याचे ना गोत्याचे, घरात तेलुगू बोलणारे विणकर ते. पण तुझ्यासाठी त्यांनी हात थांबवले. सख्ख्या चुलत्यांच्या दुकानाची फळी मात्र अर्धा दिवसही लागली नाही.

ठोका पडला आणि मला ऐकू आलं ते एवढंच: गंगव्वा सिद्राम, निंगव्वा तुकाराम, कस्तुरा मलकाप्पा, पार्वती धुळाप्पा. मी खिडकी लावून घेतली. भिंतीतून ठोका येतच राहिला आणि त्याच्यावर पाय ठेवून एकेक बाई येत राहिली.

या बाया कधी जन्मल्याच नाहीत. अशा चाळीस. त्या मी रचल्या आणि भर कोर्टात तू त्या आपल्या नावावर लावून घेतल्यास. त्यावर आपण दोघं एकदाही बोललो नाही. मी बोलायला तोंड उघडलं की तू काहीतरी विचारायचास, किंवा खोकायचास, किंवा उठून सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन शेजारी निघून जायचास. आता तुला उठून जाता येत नाही, म्हणून लिहिते आहे. हे पुढं कोणाच्याही हाती पडलं तरी चालेल.

तुला माती देताना आपल्या रीतीप्रमाणे बसवलं. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, मान जराशी डावीकडे कललेली. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मला वाटलं, चला, मल्लूला बसायला मिळालं. साक्षीचे चार दिवस तू पिंजऱ्यात उभा होतास. आरोपी असलेल्या पंचायत समितीच्या सभापतींना पाठीच्या दुखण्याचं कारण सांगून खुर्ची मिळाली होती. तुझ्यासाठी कुणी मागितली नाही. मीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तू कठडा दोन्ही हातांनी धरला होतास आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती, ते तिसऱ्या बाकावरून मला स्पष्ट दिसत होतं.

त्या दुपारपासून सुरुवात करायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. सीमेकडच्या गावात पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि त्या कामावर तू हजेरी कारकून होतास. सभापतींनी शब्द टाकला म्हणून ती नोकरी मिळाली होती. तुझ्या लग्नात ते पहिल्या पंगतीला बसले होते, याचा तुला केवढा अभिमान. दर आठवड्याला रविवारी तू भवानी पेठेत घरी यायचास तेव्हा कपड्यांना खडीची धूळ आणि कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीचा भाजका, गोडसर वास असायचा. त्या रविवारी तू खालच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून काही लिहीत होतास. मी वरून पाणी प्यायला उतरले. शेजारी माग चालू होता.

"अक्का, बायकांची नावं सांग की."

"कशाला?"

"यादी करायचीय. चाळीस पायजेत. माझी संपली."

"चाळीस बायका? शांताला विचारलंस का आधी?"

तू हसलास. आतून शांता म्हणाली, "एक संबाळंना, आन चाळीस." मग मी दाराच्या चौकटीला टेकून नावं सांगू लागले. पहिली दोनतीन सहज आली. मग ठोक्यानं मला धरलं. माग चालला होता तशी नावं पडू लागली, दोन-दोनच्या जोडीनं, शेवट एकमेकांना मिळत. सिद्राम, तुकाराम. मलकाप्पा, धुळाप्पा. तुला लिहिताना दम लागत होता. "हळू की, अक्का, काय गाडी सुटलीय व्हय?" मी थांबले नाही. कविता वाचण्यात आणि शिकवण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण त्या दुपारइतकी बिनचूक रचना माझ्या हातून आधी किंवा नंतर झालेली नाही. चाळिसावं नाव सांगून झालं तेव्हा माझे गाल तापले होते.

आता जे लिहिते आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या कोपराखाली छापील कागद होता. वरची ठळक ओळ मी वाचली होती: हजेरीपट. रकाने होते. उजवीकडच्या रकान्यात अंगठ्यांची जागा होती, आणि तुझ्या गुडघ्याजवळ पत्र्याच्या डबीतलं शाईचं पॅड उघडं होतं. त्याचा तो थंड, औषधासारखा वास खोलीत होता. तुझा अंगठा निळा होता, मल्लू. शांतानं लिंबाची फोड आणि पाण्याचा तांब्या आणला. तू मोरीत बसून अंगठा घासलास. पुसायला टॉवेल मी दिला. पांढऱ्या टॉवेलावर निळा डाग पडला तेव्हा मी म्हणाले, "नवा होता रे." एवढंच म्हणाले. मग वर जाऊन झोपले.

मला कळलं होतं का? कळण्यासारखं सगळं समोर होतं. पटावर जितकी नावं तितक्यांची मजुरी सरकारातून यायची. जी माणसं नव्हतीच त्यांची मजुरी सभापतींच्या माणसाकडे जायची. हा हिशेब तेव्हा मला येत नव्हता, हे खरं. पण निळा अंगठा मला दिसला होता, हेही तितकंच खरं. या दोन खऱ्यांच्या मधल्या फटीत मी सहा वर्षं राहिले आहे.

चौकशी सुरू झाली तेव्हा लाचलुचपत खात्याचे एक अधिकारी साध्या कपड्यांत घरी येऊन गेले. चहा घेतला, बशी पालथी घातली, आणि तुला म्हणाले, "तुम्ही लहान मासा. सगळं खरं सांगितलंत तर माफी मिळेल. मात्र एक गोष्ट जरी लपवलीत तर माफी जाते, आणि मग तुम्हीच आरोपी." ते गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही.

तू म्हणत होतास की ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं कसं. मी म्हणत होते की ते मीठ त्यांचं नव्हतंच, उपाशी बायकांचं होतं. फार चांगलं बोलले मी त्या दिवशी. वर्गात बोलते तसं. माझे शब्द एकामागून एक नीट उभे राहत होते आणि तुझे अर्ध्यात बसत होते. शेवटी तू भिंतीला पाठ टेकलीस आणि विचारलंस,

"अक्का, सगळं म्हंजे कुठवर?"

मी म्हणाले, "सगळं म्हणजे सगळं."

"कुठवर पण?"

"मल्लू, खरं बोलायला मोजपट्टी लागत नाही."

तू माझ्याकडे पाहत राहिलास. शांता स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती. तीही पाहत होती. मग तू म्हणालास, "बरं." दुसऱ्या दिवशी तू आपल्या पायानं त्यांच्या कचेरीत गेलास.

तू मला विचारत होतास. 'अक्का, तुझं नाव घेऊ का?' असं तू मला त्या वेळी विचारत होतास, आणि मी तुला मोजपट्टीचं वाक्य ऐकवलं. ते मला तेव्हा समजलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आता तेही खात्रीनं सांगता येत नाही. कधी वाटतं, समजलं नव्हतं म्हणून तसं बोलले. कधी वाटतं, समजलं होतं म्हणूनच इतकं ठणकावून बोलले.

माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत तुरुंगातच ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. सभापती जामिनावर बाहेर होते, हार घेत होते, शाळांच्या बक्षीस समारंभांना जात होते. एकदा आमच्याच शाळेत आले आणि मुलींच्या रांगेमागं उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. तू आत होतास. भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून तू म्हणालास, "ज्याला माफी न्हाय तो भाईर, आन ज्याला माफी तो आत. लई महाग पडली की गं." हसताना तुला पहिल्यांदा तो खोकला आला. पिवळ्या साबणाचा आणि ओल्या घोंगडीचा वास जाळीतून येत होता. मी शेंगाची चटणी आणली होती. शिपायानं बोट घालून आत काही आहे का पाहिलं आणि मग तुला दिली.

मी म्हणाले, "मल्लू, ती नावं…"

तू मध्येच म्हणालास, "तुझी कविता छापून आली का गं त्या मासिकात?"

"नाही."

"येईल की. तू लिवत राहा."

अठरा महिन्यांत मी तुला किती वेळा भेटले, आणि दर वेळी तू कवितेचं विचारलंस. आपले बाबा गिरणीत वारले त्या वर्षी तू मॅट्रिक होऊन टॉवेलांच्या पेढीवर गठ्ठे बांधायला लागलास, म्हणून मी कॉलेजात छंद आणि वृत्तं शिकले. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याबद्दलही मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्याकडे भावाचे आभार मानायची पद्धत नाही, या सबबीआड मी आरामात राहिले.

आणि मग ती साक्ष. तिसरा दिवस. कोर्टाच्या खोलीत फिनेलचा वास, छतावरचा पंखा घरघरत होता, आणि सभापतींचे वकील तुझ्याभोवती फेऱ्या मारत होते. तुझ्या आधी त्या गावची एक बाई येऊन गेली होती. वाळकी, डोक्यावरून पदर, चपला हातात. तिला विचारलं, तुम्हाला कामावर का घेतलं नाही? ती म्हणाली, "पट भरला म्हनले. पोरीला काखंला मारून तीन डाव गेले. तिन्ही डाव पट भरलेला." मग तिला काही नावं वाचून दाखवली. तिनं नीट ऐकलं. "आमच्या गावात निंगव्वा येकच हुती. ती मेली की मागंच. ह्या बाकीच्या कोन?" कोर्टात हशा पिकला. ती हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की तिच्या जागेवर कोण बसलं होतं.

मी बसले होते, बाई. तिसऱ्या बाकावर.

वकिलांनी तो पट तुझ्यासमोर धरला आणि कारकुनाला मोठ्यानं वाचायला सांगितला. कारकून सरावानं सरळ सुरात वाचू लागला, पण चार नावांच्या आत त्याच्या आवाजाला हेलकावा आला. त्याला तो थांबवता येईना. लोक माना डोलावू लागले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पाहिलं. ज्या ओळी मी ठोक्यावर रचल्या होत्या त्या मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आणि, मल्लू, त्या चांगल्या होत्या. एका क्षणापुरता मला आनंद झाला. त्या आनंदाची मला जितकी लाज वाटते तितकी त्या दुपारचीही वाटत नाही.

"ही नावं कोणी रचली?" वकिलांनी विचारलं.

"मी."

"आपण कविता करता?"

पुन्हा हशा.

"न्हाय, साहेब."

"मग यमकं जुळली ती कशी? रामाला राम, अप्पाला अप्पा. हे कारकुनाचं काम दिसत नाही. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. कोण आहे तो? कोणाला वाचवताय?"

तू माझं नाव सांगितलं असतंस तर माझी शाळेतली नोकरी गेली असती. लपवलं असतंस आणि ते उघडं पडलं असतं तर तुझी माफी गेली असती, अठरा महिने वाया गेले असते आणि सभापतींच्या शेजारी तू आरोपी म्हणून उभा राहिला असतास. मी उभी राहून बोलले असते तर दोन्ही झालं असतं. मी हे सगळं इतक्या सुसूत्रपणे मागाहून मांडते आहे. त्या वेळी मी फक्त पर्सची कडी उघडत होते, मिटत होते.

तू कठड्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आमच्या शेजारी माग हाय, साहेब. दिवसभर ठोका चालतो. त्याच्या ठोक्यावर लिवलं की आपसूक तसं हुतं. तुमी येऊन बसा येक दिवस, तुमचाबी अर्ज तसाच हुईल."

न्यायाधीशसुद्धा हसले. वकिलांनी पट खाली ठेवला. तू साक्षीत शेकडो खऱ्या गोष्टी सांगितल्यास आणि त्यांच्यामध्ये हे एकच खोटं बसवलंस, तेही दोन खऱ्या गोष्टी लावून, माग आणि ठोका. तुला ताल कळत नाही असं मी लहानपणापासून म्हणत आले. भजनात तू टाळ चुकायचास तेव्हा मी तुझा हात धरून थांबवायची.

सभापतींना शिक्षा झाली. वरच्या कोर्टानं ती कायम केल्याची बातमी आली तेव्हा तू खाटेवर होतास आणि तुला तिचं फारसं काही वाटलं नाही. सुटून आल्यावर तुला कोणी नोकरी दिली नाही. ज्यांनी सभापतींविरुद्ध अर्ज केले होते त्यांनीही नाही. मालक कोणीही असो, बोलणारा माणूस त्याला दुकानात नको असतो. पेठेत तुझं नाव माफीवाला पडलं. "काय माफीवाले, आम्हालाबी द्या की थोडी," असं पानवाला म्हणायचा, आणि तू म्हणायचास, "सकाळी संपली, उद्या लवकर ये." नरसय्यामामांनी तुला कांड्या भरायला बसवलं. तू चरखा फिरवायचास, सूत कांडीवर चढायचं, त्या कांड्या धोट्यात जायच्या आणि मामांचा ठोका सुरू राहायचा. वर माझ्या खोलीत तो ऐकू यायचा. मी वर्गात कविता शिकवायची, घरी आल्यावर वही उघडायची आणि मिटायची. एकाला एक शब्द जुळायला लागला की मी लिहिणं सोडून द्यायची.

मागच्या महिन्यात एका दुपारी तू पायऱ्या चढून वर आलास. श्वास लागला होता. उंबऱ्यावर बसलास, माझ्या टेबलाकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलेल. मी खुर्ची तुझ्याकडे वळवली. तू म्हणालास, "हितं वारं चांगलं येतं." मग बराच वेळ वाऱ्यात बसून उतरून गेलास. ते मी आता किती वेळा आठवते आहे. तू माझ्या बोलण्याची वाट पाहत होतास, की मी बोलू नये म्हणून पहारा करायला आला होतास? की खरोखरच वाऱ्यासाठी आला होतास? हे सांगायला तू नाहीस, आणि तू असतास तरी सांगितलं नसतंस.

आज नववा दिवस. शांता सकाळपासून तुझे कपडे काढून बसली होती. काही तिच्या माहेरी, मंद्रूपला, द्यायचे म्हणून. दोन सदरे, पायजमे, तुरुंगातून आलेली ती खाकी पिशवी. सुटून आल्यावर हा माणूस तिच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं आला, आणि तीही खोकल्याची. त्याचं कारण कोण, हे जाणण्याचा हक्क जर कोणाला असेल तर तिला आहे. हे मी रात्रंदिवस घोळवत होते. मी खाली उतरले आणि तिच्यासमोर बसले. शेजारी माग चालू होता.

"शांता, एक सांगायचंय."

"बोला की, अक्का."

"पटावरची ती नावं मल्लूची नव्हती. मी सांगितली होती. कोर्टात त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

तिचे हात चालूच राहिले. एक सदरा घडी झाला.

मी पुढं म्हणाले, "कशाला हवी होती ते मला माहीत नव्हतं. त्यानं मागितली, मी सांगितली. एवढंच."

तिनं ढिगातून एक पांढरा टॉवेल ओढला. धुऊन धुऊन विरला होता. तिनं तो मांडीवर पसरला, तळहातानं सारखा केला, आणि कोपऱ्याजवळ फिकट निळं जे काही उरलं होतं त्याच्यावर बोट ठेवलं. तांब्या तिनं धरला होता त्या दुपारी. मी टॉवेल पुढं केला तेव्हा ती आपल्या दोघांच्या मध्ये उभी होती. मी ते विसरले होते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. तांदळात अजून खडा आहे का, असं विचारावं तसं तिनं विचारलं,

"सगळं?"